दलदलीच्या माथ्यावरची चार हजार वर्षांची समाधी

वेल्स हा ब्रिटन बेटाच्या पश्चिम अंगाचा डोंगराळ मुलूख. आकाराने आपल्या पूर्वीच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्याहून थोडा मोठा. माणसे एकतीस लाखांच्या आसपास आणि मेंढरे त्यांच्या जवळजवळ तिप्पट. इंग्रजांच्या शेजारी शेकडो वर्षे राहूनही या लोकांनी आपली वेल्श भाषा टिकवून धरली आहे, आणि ती आजही अधिक करून डोंगरातल्या शेतकऱ्यांच्या घरात ऐकू येते. या मुलखाच्या वायव्येला एरारी नावाचा डोंगरपट्टा आहे. इंग्रजी नकाशावर त्याला स्नोडोनिया म्हणत. १९५१ साली तिथे राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले, पण आपल्या अभयारण्यासारखी माणसे काही उठवली नाहीत. शेते, गडगे, मेंढरे आणि वस्त्या सगळ्या आहेत तिथेच आहेत.

याच पट्ट्यात हार्लेख नावाच्या गावाच्या वरच्या डोंगरात एक जुनी समाधी आहे. तिचे नाव ब्रिन काडेर व्हानेर. ब्रिन म्हणजे टेकडी, काडेर म्हणजे आसन आणि बानेर म्हणजे निशाण. ही समाधी कोण्या राजाची म्हणून प्रसिद्ध नाही. तिच्यावर अक्षर नाही, मूर्ती नाही. ती बांधली तेव्हा त्या देशात लिहिणेच माहीत नव्हते. तांबे आणि कथील वितळवून काशाची हत्यारे करायला लोक नुकते शिकले होते. म्हणजे सुमारे चार हजार वर्षांपूर्वीची गोष्ट.

माझा पुतण्या वेल्समधल्या एका रुग्णालयात डॉक्टर आहे. तिकडच्या दवाखान्यांतून आपली मराठी मुले-मुली बरीच भेटतात. २०२४ च्या जूनमध्ये मी त्याच्याकडे गेलो होतो. कृषी खात्यात तीस वर्षे काढल्यामुळे मला राजवाड्यांपेक्षा बांध आणि गोठे पाहण्याची हौस जास्त. हार्लेखचा किल्ला पाहून झाला. इंग्लंडच्या पहिल्या एडवर्ड राजाने तो १२८३ ते १२८९ या काळात वेल्श लोकांवर जरब बसवायला बांधला. भक्कम आहे, पण परक्याच्या राखणीचा किल्ला तो परक्याच्या राखणीचाच. पुतण्या म्हणाला, "काका, या लोकांचे स्वतःचे जुने काही बघायचे असेल तर वर डोंगरात चालावे लागेल. पण चिखल फार आहे." चिखलाची भीती शेतकऱ्याला कोण घालणार?

ज्या मेंढपाळाच्या शेताजवळून वाट सुटते, त्याच्याशी पुतण्याची ओळख होती. म्हातारा पंचाहत्तरीचा, ताठ आणि कमी बोलणारा. त्याने माझ्या पायांतल्या बुटांकडे एकदा पाहिले, आत गेला आणि स्वतःचे गमबूट आणून पुढे ठेवले. बरोबर एक काठीही दिली. "काठी टेकायला नाही, विचारायला," असे तो म्हणाला. त्याचा अर्थ मला तासाभराने कळला. त्याचे गुडघे गेल्यामुळे तो फार लांब येणार नव्हता. शेवटच्या फाटकापर्यंत मात्र तो आणि त्याचा कुत्रा आमच्यासोबत चालले.

गडग्यांच्या मधली वाट

सुरुवातीची वाट सोपी आहे. दोन्ही बाजूंना कोरड्या दगडांचे गडगे. कोकणातल्या वाचकांना ते नवीन नाहीत. ना चुना, ना सिमेंट, दगडाला दगड बसवून छातीइतकी भिंत. ती टेकडीच्या उभ्या चढावर सरळ रेषेत चढत जाते. काही गडगे दोनशे वर्षांचे असतील, पण पडलेला दगड ज्याच्या त्याने उचलून ठेवायचा हा रिवाज अजून चालू आहे. वाटेत फाटके लागतात. त्यांचा नियम एकच. उघडे असेल तर उघडे ठेवायचे, बंद असेल तर बंद करायचे. परका माणूस शहाणपणाने उघडे फाटक बंद करून जातो आणि पलीकडची मेंढरे पाण्यावाचून अडकतात.

इथे आपल्याला नवल वाटेल अशी एक गोष्ट आहे. दुसऱ्याच्या जमिनीतून जाणाऱ्या जुन्या पायवाटांवर तिथे कोणालाही चालण्याचा हक्क आहे आणि त्या वाटा नकाशावर नोंदलेल्या असतात. २००० सालच्या कायद्याने तर उघड्या माळरानावर आणि डोंगरावर वाट सोडूनही पायी हिंडण्याची मुभा मिळाली. जमिनीचा मालक अडवू शकत नाही. मी म्हाताऱ्याला विचारले, याचा त्रास होत नाही का? तो म्हणाला, "माणसांचा होत नाही, त्यांच्या मोकळ्या कुत्र्यांचा होतो." वितीच्या हंगामात गाभण मेंढी कुत्र्यापुढे धावली की कोकरू जाते. आपल्याकडे पाणंद रस्त्यावरून भावाभावांत दावे चालतात, ते मला तिथे चालताना आठवत होते.

डोंगराच्या वरच्या अंगाला कुंपण नाही. तरी मेंढरे एकमेकांच्या कळपात मिसळत नाहीत. प्रत्येक कळपाला आपली चरण्याची हद्द ठाऊक असते. मेंढी आपल्या कोकराला ती फिरून फिरून शिकवते, आणि ते कोकरू मोठे झाले की आपल्या कोकराला. वेल्श भाषेत या हद्दीला कनेव्हिन म्हणतात. माणसाच्या आपल्या मुलखालाही हाच शब्द. त्यामुळे शेत विकले तरी डोंगरावरचा कळप बहुधा शेताबरोबरच जातो. नवी मेंढरे आणून सोडली तर ती वाट फुटेल तिकडे जातील. २००१ साली ब्रिटनमध्ये लाळ्या-खुरकुताची साथ आली आणि साठ लाखांहून जास्त जनावरे मारली गेली. तेव्हा काही डोंगरांवर हद्द जाणणारे कळपच्या कळप संपले. पैशाची भरपाई मिळाली. पण मेंढीच्या डोक्यातला नकाशा भरपाईत कुठून येणार?

रंग बघून पाय टाकावा

गडगे संपले की खरा डोंगर सुरू होतो. लांबून तो गवताळ, मऊ आणि निरुपद्रवी दिसतो. प्रत्यक्षात तो पाण्याने फुगलेला स्पंज आहे. शेवटच्या फाटकापाशी म्हाताऱ्याने आम्हांला थांबवले आणि काठीने दाखवत रंगांची ओळख करून दिली.

जिथे नेचा वाढला आहे, तिथली जमीन कोरडी आणि खोल, तिथे बिनधास्त चालावे. हेदर म्हणून एक गुडघ्याएवढे झुडूप असते, त्याला उन्हाळ्याच्या अखेरीस जांभळी फुले येतात. ते जिथे आहे तिथेही पाय धरतो. लव्हाळ्यांचे झुबके दिसले की पाणी आहे असे समजावे, पण झुबक्याच्या बुडावर पाय ठेवला तर तो भार सोसतो. पांढऱ्या कापसाचे बोंड वाऱ्यावर हलावे तसे गवत दिसले, तर खाली खोल पीट आहे. आणि सगळ्यांत देखणा, लुसलुशीत पोपटी हिरवा तुकडा दिसला, तर तिथे पाऊल टाकू नये. ते स्फॅग्नम नावाचे शेवाळ. खाली कमरेएवढे पाणीही असू शकते.

पुतण्या तिथे पाच वर्षे राहतो, पण शेवटी शहरात वाढलेला. अर्ध्या तासातच त्याचा एक पाय गुडघ्यापर्यंत आत गेला. पाय ओढून काढताना म्हैस चिखलातून उठावी तसा आवाज झाला. मी तोवर काठी पुढे खुपसून मग पाऊल टाकायला शिकलो होतो. काठी विचारायला दिली होती ती अशी. बावीस-पंचवीस इंच सहज आत जाई, कधी पूर्णच जाई.

मोकळे मैल दीड मैल अंतर, पण त्याला आम्हांला दीड तास लागला. सरळ रेषेत चालताच येत नाही. झुबक्यावरून झुबक्यावर, मग मागे, मग वळसा. मध्येच पावसाची सर येई आणि दहा मिनिटांत ऊन पडे. जून असूनही अंगात स्वेटर. तिथला पाऊस आपल्या महाबळेश्वराएवढा नसतो, पण आपला पाऊस चार महिन्यांत पडून मोकळा होतो. त्यांचा बाराही महिने ठिबकत राहतो आणि थंडीमुळे वाफ होऊन जात नाही. पाणी जमिनीत थांबले की गवत मरते, पण कुजत नाही. हवा नाही, ऊब नाही आणि मातीला आंबटपणा इतका की कुजवणारे जीव तिथे जगत नाहीत. मग मेलेल्या शेवाळावर नवे शेवाळ, असे थर साचतात. त्या काळ्या, तंतूंनी भरलेल्या मातीला पीट म्हणतात. वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर. म्हणजे मीटरभर पीट व्हायला हजार वर्षे. ते शेवाळ आपल्या वाळल्या वजनाच्या पंधरा-वीसपट पाणी धरते. पहिल्या महायुद्धात तेच शेवाळ वाळवून जखमांवर बांधायला वापरले होते. पूर्वी डोंगरातले शेतकरी पीट विटांसारखे कापून, वाळवून चुलीत जाळत.

वाटेत एका ओल्या खडकापाशी मला ओळखीची वनस्पती भेटली. पानांवर चिकट लाल केस आणि त्यांवर दवासारखे थेंब. आपल्या कासच्या पठारावर जी दवबिंदू नावाची किडे खाणारी वनस्पती पावसाळ्यात पाहायला मिळते, तिचीच ही बहीण. दोन्ही ठिकाणी कारण एकच. मातीत नत्र नाही, म्हणून झाड किड्यांकडून ते वसूल करते.

माथ्यावरचा मुकुट

समाधी पहिल्यांदा दिसते ती लांबून आणि आकाशाच्या कडेवर. दक्षिणेकडून येणाऱ्याला ती बरोबर क्षितिजावर दिसावी, अशीच जागा बांधणाऱ्यांनी निवडली आहे. टेकडी काही सर्वांत उंच नाही. समुद्रसपाटीपासून चारशे मीटरहून थोडी जास्त. शेजारी तिच्याहून मोठे डोंगर आहेत. पण वाटेने चढणाऱ्याच्या डोळ्यांसमोर नेमके काय येईल, याचा हिशेब ज्याने केला त्याला डोंगर चांगला कळत होता.

जवळ गेल्यावर दिसते ते असे. दगडगोट्यांची एक गोल रास, रुंदी साडेआठ मीटर, उंची मीटरभरही नाही. त्या राशीच्या कडेने पातळ, लांब शिळा रोवल्या आहेत. त्या सरळ उभ्या नाहीत. सगळ्या बाहेरच्या बाजूला कललेल्या आहेत. त्यामुळे राशीला काटेरी मुकुटाची कळा आली आहे. काही शिळा पुरुषभर लांब आहेत. आज पंधराच्या आसपास उरल्या आहेत, मुळात तीसएक असाव्यात. अशा राशी वेल्सच्या डोंगरांवर शेकडोंनी आहेत, पण अशी बाहेर उमललेली रचना फार दुर्मीळ. ब्रिटनमधल्या त्या काळच्या सर्वांत सुंदर बांधकामांत अभ्यासक तिची गणना करतात, आणि एवढा चिखल तुडवून आल्यावरही मला त्यात अतिशयोक्ती वाटली नाही.

मधोमध एक खड्डा आहे. तिथे दगडी पेटीसारखे थडगे असले पाहिजे. एकोणिसाव्या शतकात धन सापडेल या आशेने लोकांनी ते उकरले. त्यांनी काय नेले, ते त्यांच्याबरोबरच गेले. पूर्वेकडची बाजू तर उघडीबोडकीच आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास लष्कराने या समाधीवर नेमबाजीचा सराव केला आणि तिकडच्या शिळा उडवल्या. चार हजार वर्षे वारा, बर्फ आणि मेंढरांनी अंग घासणे जिने सोसले, तिची एक बाजू काही दिवसांच्या सरावात गेली. आता कायद्याने तिला संरक्षण आहे. राखणदार मात्र नाही, पाटीही मला दिसली नाही. एका शिळेच्या बुडाशी मेंढीची लोकर अडकली होती.

त्या काळी मेलेल्याला जाळत आणि राख-हाडे खड्ड्यात ठेवत, असे या भागातल्या उत्खननांवरून कळते. याच वाटेच्या अलीकडे मोएल गोएडॉग नावाचा एक बोडका डोंगर आहे. त्याच्या पोटाशी दगडांची दोन वर्तुळे आहेत. त्यांतल्या एकाचे उत्खनन १९७०च्या दशकाच्या अखेरीस फ्रान्सिस लिंच या संशोधक बाईंनी केले. तेव्हा खड्ड्यांतून कोळसा आणि जळलेली हाडे मिळाली. समुद्राकडून डोंगरात जाणारी ही वाटच त्या काळची आहे. तिच्या कडेने अंतराअंतरावर उभे दगड रोवलेले आहेत.

आता वाचकांना प्रश्न पडेल, आणि मलाही तिथे उभा असताना पडला. एवढ्या दलदलीत, जिथे एक माणूस धड चालू शकत नाही, तिथे लोकांनी एवढे दगड आणले कसे आणि आणले तरी कशासाठी?

उत्तर असे की तेव्हा तिथे एवढी दलदल नव्हती. पीटच्या थरांत फुलांचे परागकण हजारो वर्षे जसेच्या तसे राहतात. थर मोजून आणि परागकण ओळखून कोणत्या काळी काय उगवत होते ते सांगता येते. काशाच्या युगात हवा आजच्याहून थोडी बरी होती. या उंचीवर लोक राहत होते, गुरे राखत होते, काही ठिकाणी धान्यही पेरत होते. त्यांच्या गोल घरांचे पाये डोंगरात अजून दिसतात. चराईसाठी त्यांनी झाडे तोडली. झाडे पाणी पीत होती, ते पाणी आता जमिनीत राहू लागले. पावसाने मातीतला चुना धुऊन नेला, माती आंबट झाली. पुढे सनपूर्व १००० नंतर हवा थंड आणि ओली होत गेली. शेवाळाने रान धरले आणि माणसे हळूहळू खाली उतरली. हवामानाचा दोष किती आणि कुऱ्हाडीचा किती, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. पण दोन्हींचा हात होता हे बहुतेकांना मान्य आहे. म्हणजे मी ज्या चिखलातून काठी खुपसत आलो, तो कोणा एकेकाळच्या शेतकऱ्याचा गायरानाचा तुकडा होता.

आपल्या विदर्भातही अशी दगडांची वर्तुळे आहेत हे फार थोड्यांना माहीत असते. नागपूरजवळ जुनापाणी येथे तीनशेच्या आसपास वर्तुळे आहेत. माहुरझरी आणि नायकुंड येथेही आहेत. ती वेल्समधल्यांपेक्षा बरीच अलीकडची, लोखंड वापरणाऱ्या लोकांची. माहुरझरीला घोड्यांचे सांगाडे आणि त्यांच्या डोक्यावरचे तांब्याचे दागिने मिळाले. १८७९ साली रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्याने जुनापाणीच्या दगडांवरचे वाटीसारखे खळगे पाहिले, तेव्हा त्याला आपल्या देशातल्या दगडांवरच्या तशाच खळग्यांची आठवण झाली. दोन्ही लोकांचा एकमेकांशी संबंध होता असे यावरून म्हणता येत नाही. पण नागपूरकडच्या वाचकांनी एकदा मुलांना घेऊन जुनापाणीला जरूर जावे. तिथे चिखलही नाही.

म्हाताऱ्याच्या स्वयंपाकघरात

उतरताना ऊन होते. त्या दिवसांत तिकडे रात्री दहापर्यंत उजेड असतो. खाली खाडीचे पाणी चमकत होते आणि उत्तरेला स्नोडनचा, म्हणजे एर विद्व्हाचा माथा ढगातून बाहेर आला होता. म्हाताऱ्याने गमबूट धुवायला पाण्याची नळी दाखवली आणि मग चहाला बसवले. चहाबरोबर मनुके घातलेला पाव आणि लोणी.

बोलता बोलता मी विचारले, डोंगरावर खोल चर खणलेले दिसले, ते कशाचे? तो हसला. ते त्याच्या वडिलांनी खणलेले. दुसऱ्या महायुद्धानंतर सरकारला अन्नधान्य वाढवायचे होते, म्हणून डोंगरातले पाणी काढून गवत सुधारायला अनुदान मिळे. मैलच्या मैल चर पडले. गवत फारसे सुधारले नाही. उलट पाऊस पडला की पाणी एकदम खालच्या गावांत येऊ लागले, आणि सुकलेले पीट हवेत कार्बन सोडू लागले. आता तेच चर बांध घालून बुजवायला सरकार पैसे देते. "वडील खणून पैसे घेत होते, मी बुजवून घेतो," तो म्हणाला. सरकारी खात्यातल्या माणसाला यावर काय बोलावे ते सुचले नाही.

मग त्याने १९८६ ची हकीगत सांगितली. एप्रिलच्या शेवटी चेर्नोबिलच्या अणुवीज केंद्रात स्फोट झाला. ते ठिकाण वेल्सपासून दीड हजार मैलांवर. मेच्या पहिल्या आठवड्यात वारा तिकडून आला आणि नेमका या डोंगरांवर पाऊस पडला. त्या पावसातून किरणोत्सारी सिझियम उतरले. तळच्या चिकणमातीच्या शेतांत ते मातीला घट्ट चिकटून बसले आणि पिकात फारसे गेले नाही. डोंगरावरच्या पीटमध्ये चिकणमाती नाही. तिथे ते गवतात चढले, गवतातून मेंढीत, मेंढीच्या लेंड्यांतून पुन्हा जमिनीत. जूनमध्ये सरकारने मेंढरांच्या विक्रीवर बंदी घातली. सुरुवातीला सांगितले होते, तीन आठवड्यांचा प्रश्न आहे. प्रत्यक्षात शेवटचे निर्बंध २०१२ साली उठले. सव्वीस वर्षे.

एवढी वर्षे दर वेळी विक्रीआधी माणूस यंत्र घेऊन येई, एकेक मेंढी धरून मोजी. मोजणीत जास्त आली तर तिच्या अंगावर रंगाचा पट्टा. पट्ट्याची मेंढी कापायला जात नसे. तिला तळच्या कुरणात काही आठवडे चारायचे, अंगातले सिझियम उतरू द्यायचे आणि मग पुन्हा मोजायचे. डोंगर तोच, गवत तेच, दोष कोणाचा तर हजारो कोसांवरच्या माणसांचा. म्हातारा हे सांगताना चिडला नाही. रंगाचा डबा अजून गोठ्यात आहे एवढेच म्हणाला.

त्याला दोन मुलगे. एक शहरात नोकरीला, दुसरा सुट्टीला येऊन लोकर कातरायला मदत करतो. अलीकडे लोकरीला असा भाव येतो की कातरणीची मजुरीही निघत नाही, पण न कातरून चालत नाही, मेंढीला किडे पडतात. पुढे शेत कोण करणार, असे मी विचारले नाही. आपल्या गावांतही हा प्रश्न पाहुण्याने विचारायचा नसतो.

निघताना मी काठी परत केली. त्याने ती दाराआडच्या कोपऱ्यात ठेवली, तिथे तशाच चार-पाच आणखी होत्या. वर समाधीपाशी जाणाऱ्यांसाठी तो त्या हिवाळ्यात हेझलच्या झाडाच्या तोडून वाळवतो. काही परत येतात, काही येत नाहीत.